अकरा बाया, एक माइक

आमच्या दुकानात माणूस माइक घ्यायला येतो आणि मी त्याला पहिला प्रश्न पंख्याबद्दल विचारते. घरात पंखा किती खडखडतो? कूलर आहे का? असेल तर खिडकीत बसवलेला आहे की खोलीत ठेवलेला? गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे बघतं, कोणी जाणतं माणूस आहे का म्हणून.

दुकान नागपुरात सीताबर्डीवर आहे. दर्शनी भागात पेट्या, तबले, गिटारी. आतल्या बाजूला काचेचं एक काउंटर, त्यावर एक कॉम्प्युटर आणि त्याच्यामागे मी. घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं सामान माझ्याकडे मिळतं. सहा वर्षं झाली. मी इथे कशी आले ही गोष्ट सांगण्यासारखी नाही. मला कमी बोलण्याचं काम हवं होतं, आणि इथे येणारा माणूस माझ्याकडे न बघता वस्तूंकडे बघतो, एवढं मला पुरलं.

बाहेरच्यांना हे काम गूढ वाटतं म्हणून साधं सांगते. कॉम्प्युटर बहुतेकांच्या घरी असतोच. त्याशिवाय तीन वस्तू लागतात. एक माइक. दुसरा एक छोटा डबा, ज्यात माइकची वायर जाते आणि जो आवाजाचं कॉम्प्युटरला समजेल असं काहीतरी करतो. त्याला इंटरफेस म्हणतात, पण आमची गिऱ्हाइकं डब्बाच म्हणतात. तिसरा हेडफोन, कान पूर्ण झाकणारा. चौथी गोष्ट आमच्या दुकानात मिळत नाही. ती म्हणजे खोली. सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो.

माइक दोन तऱ्हेचे. एक तोंडाजवळचं तेवढंच ऐकतो. त्याला पंखा ऐकू येत नाही, शेजारचा मिक्सर ऐकू येत नाही. दिसायला अगदी साधा. दुसरा तीक्ष्ण कानाचा. त्याला खुर्ची करकरलेली कळते, गिळलेला आवंढा कळतो, गल्लीतला भाजीवालाही कळतो. तो सोनेरी जाळीचा, देखणा असतो, आणि सगळ्यांनी व्हिडिओत तोच पाहिलेला असतो. लोक तो मागतात आणि मी त्यांना पहिला देते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून बसणारा गायक मला अजून भेटायचा आहे.

आमचे मालक सुधाकरकाका यावर वैतागतात. "पोरी, तू माल विकून राहिली का गिऱ्हाईक वापस पाठवून राहिली?" असं ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारतात. पण वापस गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्या मेव्हण्याला घेऊन येतं, हे त्यांनाही ठाऊक आहे.

एकदा धरमपेठेतले एक रिटायर्ड बँक अधिकारी आले होते. गळा खरंच गोड. खोलीत आवाज घुमतो म्हणून भिंतीला लावायचा फोम मागत होते. मी म्हटलं, फोम नको, घरातल्या कापसाच्या गाद्या उभ्या करा, नाहीतर कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गाऊन बघा. त्यांनी दुसरा उपाय इतका मनावर घेतला की आठवड्याभरात त्यांच्या पत्नीचा दुकानात फोन आला. "त्या मॅडमला द्या जरा. मॅडम, यांना बाहेर यायला सांगा. मला लग्नाला जायचंय आणि माझी पैठणी यांच्या डोक्याच्या मागे आहे."

अशा गोष्टी माझ्याकडे बऱ्याच आहेत. पण या अंकासाठी अनुभव लिहायला सांगितल्यावर जी गोष्ट आधी आठवली ती अशी हसण्यासारखी नाही, आणि तिच्यात चूक माझी आहे.

एप्रिलमधली दुपार होती. दोन बाया आत आल्या. दोघी पन्नाशीच्या पुढच्या, डोक्यावर पदर, एकीच्या काखेत लॅपटॉपची बॅग. पेट्या-तबल्यांकडे न बघता सरळ माझ्या काउंटरपाशी आल्या. बॅगवाली बोलली.

"आवाज भरून घ्याचं सामान तुह्याजवळच भेटते ना?"

"हो काकू. कोणाचा आवाज?"

"हिचा." तिने दुसरीच्या दंडाला धरून तिला पुढे केलं. "ही ताराबाई. माही जाऊ हाये. मी कुसुम. खाप्यावरून आलो."

  ताराबाईंनी गळ्यावरचा पदर थोडा बाजूला केला. गळ्याच्या मधोमध, जरा डावीकडे, सुपारीएवढी गाठ होती.

"पंधरा दिवसांनी कापणार हाये," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणे, जीवाले धोका नाई. पण आवाज हाच राहीन का, ते नाई सांगता येत म्हणे."

आवाज साधा बोलण्याचा होता. तरी मी मान वर केली. काउंटरवर रोज चार जण गाऊन दाखवतात, त्यामुळे आवाज कुठून निघतो ते कानाला कळायला लागतं. हा फार खोलातून येत होता आणि येताना वाटेत कुठे घासत नव्हता.

बाकीचं कुसुमबाईंनी सांगितलं. खाप्याला त्यांचं महिला भजन मंडळ आहे. ताराबाई ओळ टाकतात, बाकीच्या दहा जणी झील धरतात, म्हणजे तीच ओळ मागून उचलून म्हणतात. मंडळाची चाळीस भजनं आहेत आणि चाळीसही चाली ताराबाईंच्या. कागदावर एकही नाही. गावातल्याच कोणीतरी एका स्टुडिओत नेलं होतं. तिथे काचेपलीकडून माणूस सांगत होता, आंटी हळू, आंटी जोरात. एक तास गेला आणि एकही भजन पुरं झालं नाही.

"घरी गाईन ही," कुसुमबाई म्हणाल्या. "घरी काहून नाई भरता येत? पोरीचा लॅपटॉप हाये. तू बाकीचं दे. पण मंडळाजवळ जास्त नाई हाये, सांगून ठेवतो."

एक बरी शिलाई मशीन येईल एवढे पैसे होते. त्यात बसेल असं मी काढून दिलं. तोंडाजवळचं ऐकणारा साधा माइक, एका वायरीचा डबा, मध्यम हेडफोन. लॅपटॉपमध्ये फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, मराठी लिहिते पण अक्षर गिचमिड, म्हणून चित्रं काढून दिली: माइक तोंडापासून चार बोटं, लाल दिवा लागला की आवाज फाटतोय, हे गोल बटण दाबलं की सुरू, चौकोनी दाबलं की बंद. आणि मग मी कामात जो नियम सगळ्यांना सांगते तोच त्यांना सांगितला.

"आधी काकूंनी एकटीनं गायचं. खोलीत दुसरं कोणी नको. हेडफोनमध्ये टिकटिक ऐकू येईल, त्या लयीत. झील नंतर वेगळी भरता येते. एकावर एक ठेवता येतं."

"एकटीनं?" ताराबाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ येईल."

त्यांनी कुसुमबाईंकडे बघितलं. कुसुमबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी इतक्या खात्रीनं बोलले होते की त्यांनी मान डोलावली.

आठ दिवसांनी कुसुमबाई एकट्याच लॅपटॉप घेऊन आल्या. पाच भजनं भरली होती. मी पहिली फाइल उघडली. पडद्यावर आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो. इथे एक डोंगर होता, मग सपाट, मग डोंगर, मग सपाट. शेवटपर्यंत तसंच. मला वाटलं वायर सैल झाली.  आठ दिवस गेले, आता सातच उरले, आणि सामान मी दिलेलं.

"काकू, मध्येमध्ये रेकॉर्डच झालं नाहीये."

"झालं ना. लाव."

मी काउंटरवरच्या स्पीकरवर लावलं. ताराबाईंची ओळ आली. थांबली. मग काहीच नाही, फक्त श्वास. आणि त्या रिकाम्या जागेत, काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या कुसुमबाईंनी खालच्या आवाजात तीच ओळ म्हटली. त्यांचं शेवटचं अक्षर संपलं आणि स्पीकरमधून ताराबाईंची दुसरी ओळ सुरू झाली. मध्ये फट नाही. एकीवर एक चढली नाही.

पुन्हा रिकामी जागा. पुन्हा कुसुमबाई. पुन्हा नेमकं तिथेच.

मी थांबवलं नाही. बाहेर गिटार वाजवून बघणारा एक जण वाजवायचा थांबला होता. भजन पुढे जाईल तशी लय वाढत होती, भजनात वाढतेच, आणि लय वाढेल तशा त्या रिकाम्या जागा लहान होत होत्या. एकटी बाई, बंद खोलीत, दहा जणी मागून म्हणताहेत असं धरून थांबत होती, आणि दहा जणींना लागेल तेवढाच वेळ थांबत होती.

"टिकटिक कुठल्या वेगाला ठेवली होती?" मी विचारलं.

"थे तं पहिल्याच दिवशी काढून फेकलं तिनं. म्हणे कोण टकटक करून राहिलं कानात."

नंतर, कुसुमबाई पाणी प्यायला गेल्या तेव्हा, मी पडद्यावर मोजपट्टी टाकून पाहिलं. हे माझं कामच आहे. गाणाऱ्यांची लय कुठे घसरली ते मी रोज मोजते. मोजायला बसले आणि काही वेळानं सोडून दिलं. मोजण्यासारखी चूक नव्हती. मला लाज वाटली की मी या बाईला टिकटिक दिली होती.

कुसुमबाई परत आल्यावर मी म्हटलं, "काकू, हे फार मोठं आहे. मी असं कधी ऐकलं नाही. आता तुम्ही सगळ्या जणी झील वेगळी भरा, मी जोडून देते."

त्या स्टुलावर बसल्या.  मग म्हणाल्या, "पोरी, एक बोलू का? राग नको मानजो. हा तिचा आवाज नाई."

"म्हणजे?"

"म्हणजे हाये तिचाच. पण हे तिनं पाठ म्हणून दाखवलं. मागून आम्ही ओळ उचलतो ना, तवा ती वर चढते. आम्ही नाई उचललं तं ती चढन कशाच्या जोरावर? हा तं खालीच बसून राहिलेला आवाज हाये." मग त्या म्हणाल्या, "तिलेबी माहीत हाये. काल रात्री म्हणे, कुसुम, हेच राहीन तं राहू दे. नाई तं नाई."

मी पुन्हा ऐकलं. एकदा सांगितल्यावर ऐकू यायला लागलं. लय अचूक होती आणि स्वर निर्मळ होता. आणि आवाज खरंच कुठेही वर उठत नव्हता. मी स्वच्छ आवाज मागितला होता. तेवढाच मिळाला होता.

त्या बाईला काचेमागून काढून मी परत काचेमागेच बसवलं होतं.

मी सुधाकरकाकांकडे गेले. स्वतःहून काही मागायला मी त्यांच्याकडे जात नाही, त्यामुळे ते गल्ल्यावरून उठूनच उभे राहिले.

"काका, तो सोनेरी जाळीचा माइक दोन दिवस नेऊ का?"

"कुठं?"

"खाप्याला."

"तोच का? जो तू कोणालेच घेऊ देत नाई?"

"तोच. मला खोलीतलं सगळं ऐकू यायला हवंय."

काकांनी माझ्याकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. "स्टँड बी ने," ते म्हणाले. "उंच वाला."

शनिवारी सकाळी मी एसटीनं खाप्याला गेले. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी होतं. ताराबाईंच्या घरी बैठकीच्या खोलीत अकरा जणी आधीच बसलेल्या होत्या. एवढ्या अनोळखी माणसांसमोर बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो, पण त्या दिवशी घाम सगळ्यांनाच फुटलेला होता. कूलर बंद करायला लागणार होता, खिडक्या लावायला लागणार होत्या. आमचं असं ठरलं की एक भजन आणि मग पाच मिनिटं कूलर.

एका माइकवर अकरा जणी घ्यायच्या तर आवाज बटणांनी लहानमोठा करता येत नाही. माणसंच जवळ-लांब बसवावी लागतात. ताराबाईंना मी माइकसमोर बसवलं. झील धरणाऱ्या त्यांच्या मागे अर्धगोल. पेटी बाजूला. खंजिरी मागच्या भिंतीशी. राहिल्या टाळवाल्या शकुंतलाबाई. टाळ फार धारदार वाजतो, माइकला तेवढाच ऐकू येतो. मी त्यांना मागे सरका म्हटलं. अजून मागे म्हटलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात पोचल्या.

"अव माय! मले काहून घराबाहेर काढून राहिली वं ही पोरगी? वीस वर्षं झाले वाजवून राहिली मी!"

"तुह्यावाला टाळ पार खापरखेड्यापर्यंत ऐकू जाते, म्हणून," कुसुमबाई म्हणाल्या.

"तं मंग तिथूनच वाजवतो ना. इथी कायले बसवलं?"

"तिथी बस, शकुंतला, चहाजवळ," ताराबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पहिली ओळ टाकली. मला हात करायचीही वेळ मिळाली नाही. नशीब, गोल बटण मी आधीच दाबलं होतं.

मी कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसले होते. आवाजाबद्दल लिहिणं अवघड आहे. रोजच्या कामात मी ते फक्त बटणांनी करते. एवढंच सांगते. ताराबाईंची ओळ आली तेव्हा ती दुकानात ऐकलेली ओळ होती. मग दहा जणींनी ती मागून उचलली. दुसरी ओळ त्यांनी टाकली तेव्हा ती बाई वेगळी होती. तिसऱ्या वेळी आवाज पट्टीच्या वर जिथे गेला तिथे मी डोळे मिटले, कारण पडद्यावर लाल दिवा लागणार हे मला दिसत होतं आणि मला तो बघायचा नव्हता. दिवा लागला की नाही ते मी आजही सांगू शकत नाही. आवाज फाटला नाही. खोलीत अकरा जणी होत्या आणि एकीचाच आवाज होता, आणि तो कोणा एकीचा नव्हता.

भजन संपलं.  मग शकुंतलाबाई दारातून म्हणाल्या, "लावा ना वं कूलर, मेली मी."

पाच मिनिटांच्या सुट्टीत मी धीर करून ताराबाईंना विचारलं, "काकू, तुम्ही एकट्या गायलात तेव्हा मध्ये नेमक्या तेवढ्याच कशा थांबत होता? मोजत होता का?"

"मोजाचं काय त्यात?" त्या पदरानं मान पुसत म्हणाल्या. "माहे बाबा विणकर होते. मी मागाजवळ कांड्या भरत बसो. सुताचा धोटा मागात इकडून जाये, तिकडून येये. थो तिकडून येईन, हे मोजा लागते का? येतेच थो."

दोन दिवसांत बावीस भजनं झाली. रविवारी संध्याकाळी त्यांचा गळा बसायला लागला. कुसुमबाईंनी गरम पाणी आणलं, पण ताराबाईंनी हात केला. "बस," त्या म्हणाल्या. "अठरा राहिले. राहू दे." कोणाच्या चेहऱ्याकडे बघावं ते मला कळेना. मी वायर गुंडाळायला लागले. सामान उचलताना त्या जवळ आल्या आणि माइकच्या जाळीला बोट लावून म्हणाल्या, "कान मोठा हाये याचा."

त्यानंतर मी फोन केला नाही. लिहायला बसले म्हणून कबूल करते. गुरुवारी दिवसभर दुकानात माझं लक्ष नव्हतं, आणि तरी केला नाही. पुढच्या आठवड्यात केला नाही. काय ऐकावं लागेल याची भीती होती, आणि जितके दिवस गेले तितकं विचारणं अवघड झालं. बावीस भजनं मी नीट करून पेन ड्राइव्हवर घातली आणि कुरिअरनं पाठवून दिली. काकांनी दोनदा विचारलं, "ती बाई कशी हाये वं?" मी दोनदा म्हटलं, बरी असेल.

जुलै संपताना कुसुमबाईंचा दुकानात फोन आला. "येत्या रविवारी येजो. थो कान घेऊन."

खोलीत त्याच बाया होत्या, त्याच जागी. शकुंतलाबाई कोणी न सांगता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसल्या होत्या. ताराबाईंच्या गळ्यावर बारीकशी रेघ होती. "ये पोरी," त्या म्हणाल्या, आणि मी तो आवाज ओळखला नाही. जाड होता, कडेला खरखरीत, कुठल्यातरी दुसऱ्याच बाईचा. मी माइकचा स्टँड उघडत बसले. तो उघडायला एवढा वेळ लागत नाही.

"वरचे सूर गेले," त्या सरळ म्हणाल्या. "डॉक्टर म्हणे, येतीन तं येतीन. खालचे हायेत."

पेटीवाल्या बाईंनी स्वर धरला. मी चमकून बघितलं. खूप खालचा स्वर होता. ज्या पट्टीत हे मंडळ इतकी वर्षं गात आलं त्याच्या बरीच खाली. ताराबाईंना झेपेल तिथे त्या दहा जणींनी आपली पट्टी आणली होती. त्यातल्या निम्म्या जणींचा आवाज तिथवर उतरत नव्हता, हे मला एका ओळीत कळणार होतं. त्यांना ते महिनाभर आधी कळलेलं होतं. कुसुमबाई म्हणाल्या, "रोज बसतो आम्ही. सवय होऊन राहिली."

"कोणती घ्यायची?" मी विचारलं. "राहिलेली अठरा?"

ताराबाईंनी मान हलवली. "पहिल्यापासून."

"ती बावीस तर आहेत, काकू."

"थे तिचे हायेत," ताराबाई म्हणाल्या. "आता माहे घे. चाळीसही."

मग त्यांनी पदर सारखा केला आणि ओळ टाकली. बायांनी ती खालून उचलली. ज्यांचा आवाज पोचत नव्हता त्यांचे नुसते ओठ हलत होते, पण श्वास सगळ्यांचा एकदम सुटत होता, आणि तो माइकला स्वच्छ ऐकू येत होता.